‘लाइन बंद’ – पण कशाची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘उद्या सकाळी १० ते दुपारी २ पर्यंत लाइन बंद राहील.’ वस्तीच्या फलकावर, मोबाइलवरच्या निरोपात आणि अधूनमधून वृत्तपत्रांच्या शहर-पानावरही हे वाक्य असते. ते वाचून नागपुरात एका घरी पिंप भरून ठेवतात, शेजारच्या घरी मोबाइल चार्ज करून ठेवतात. दोघांचेही वाचन बरोबर असते. चूक वाक्यात असते.

बोलताना असा घोळ फारसा होत नाही, कारण तिथे क्रियापद मदतीला येते. लाइन ‘गेली’ म्हणजे वीज गेली. विदर्भात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पुण्या-मुंबईचा माणूस तिथे ‘लाइट गेले’ म्हणतो. लाइन ‘फुटली’ की पाण्याची, ‘तुंबली’ की गटाराची, ‘लागली’ की रेशनच्या दुकानापुढची, ‘कटली’ की फोनची. पोराने लाइन ‘बदलली’ म्हणजे सायन्स सोडून कॉमर्स घेतले, आणि एखाद्याला लाइनीवर ‘आणले’ म्हणजे तो सुतासारखा सरळ झाला. एकच नाम आणि सात क्रियापदे, आणि प्रत्येकाचा अर्थ स्वच्छ. पण सूचना लिहिणारा ‘बंद राहील’ हे क्रियापद घेतो, आणि ते वीज, पाणी, रेल्वे, फोन या सगळ्यांना सारखेच लागू पडते. अर्थ तिथेच हरवतो.

‘लाइन’ हा शब्द मराठीतून काढून टाका, अशी मागणी मी करीत नाही. तो आपला झालेला आहे. माझे म्हणणे एवढेच की छापताना तो एकटा सोडू नये, आणि इंग्रजी मजकुराचे मराठी करताना त्याच्या जागी शब्दकोशातला पहिला प्रतिशब्द ठेवून पुढे जाऊ नये.

या शब्दाचे मूळ आपल्या शेतात सापडते. लॅटिनमध्ये ‘लिनुम’ म्हणजे जवस. ज्याची चटणी विदर्भातल्या घराघरांत होते, तेच हे जवस. त्याच्या खोडातून जो धागा निघतो त्याची दोरी ती ‘लिनेआ’, आणि तिच्यापासून ‘लाइन’. त्याच धाग्याचे कापड लिनन, बियांचे तेल लिन्सीड. कोटाला आतून लावतात त्या अस्तराला लायनिंग म्हणतात, कारण पूर्वी ते लिननचे असे. दोरी दोन खुंट्यांना ताणून बांधली की तीन गोष्टी होतात. ती सरळ होते, दोन टोके जोडते, आणि अलीकडचे-पलीकडचे वेगळे करते. इंग्रजीत ‘लाइन’चे जे डझनावारी अर्थ आहेत, ते बहुतेक या तिन्हींतून निघालेले आहेत. कागदावरची रेघ आणि माणसांची रांग सरळपणातून आली. तार, नळ, रूळ आणि फोन जोडण्यातून आले. नियंत्रण रेषा, दारिद्र्यरेषा, पूररेषा वेगळे करण्यातून आल्या. भाषांतर करताना ‘इथे दोरी काय करते आहे?’ असे विचारले की निम्मे काम होते.

आपल्या सुताचा प्रवासही असाच झाला आहे. सूत, सूत्र, सूत्रधार, सुतार ही एकाच धाग्याची माणसे. बांधकामावर तर सूत हे मापही आहे: १ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि ४ सुती सळई म्हणजे साधारण १२ मिलिमीटरची. गवंडी आजही वीट रचण्याआधी दोन टोकांना दोरी ताणतो आणि तिला लाइनदोरीच म्हणतो.

इंग्रजीत जिथे एक शब्द आहे, तिथे मराठीने कितीतरी शब्द केले आहेत, आणि त्यांच्यातला फरक बारीक असला तरी पक्का आहे. रेघ हाताने ओढतात. तिला जाडी असते, ती वाकडी जाऊ शकते. रेषा भूमितीत, नकाशात आणि कायद्यात असते. ओळ अक्षरांची किंवा झाडांची. रांग माणसांची, मुंग्यांची आणि सातपुड्याच्या डोंगरांचीही. रांगेत एक पुढे असतो आणि एक मागे. पंगतीत मात्र सगळे शेजारी असतात, म्हणून जेवणाऱ्यांची पंगतच होते, रांग होत नाही. कपाशीत तूर पेरली की तिचे तास (पेरणीची ओळ) असते. ‘मतदारांच्या लांबच लांब ओळी’ असे छापलेले वाचले की मतदार अक्षरांसारखे कागदावर मांडल्यासारखे वाटतात. तिथे रांगाच हव्यात.

सर्वांत जास्त नुकसान विजेच्या बातमीत होते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. रस्त्यावरच्या खांबांवरून घरांना वीज देणारी लाइन बहुधा चार तारांची असते: वीज आणणारे तीन फेज आणि ती परत नेणारी एक न्यूट्रल. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, आणि घरात येतात ते हेच. दोन फेजमध्ये मात्र ४०० व्होल्ट असतात (२३० ला ३ च्या वर्गमूळाने, म्हणजे १.७३२ ने, गुणले की ३९८ येतात, त्याचे धरायचे ४००). विजेच्या पुस्तकात ‘लाइन व्होल्टेज’ म्हणतात ते दोन फेजमधले, म्हणजे ४०० व्होल्ट. त्याचे ‘लाइनमधील दाब २३० व्होल्ट’ असे मराठी केले की आकडा आणि शब्द दोन वेगळ्या गोष्टींचे होतात.

आता ‘लाइनमध्ये बिघाड’ ही बातमी पाहा. त्यात दोन अगदी वेगळे प्रकार दडलेले असतात. एक फेज गेला, तर त्या फेजवरच्या घरांत अंधार होतो आणि दुसऱ्या फेजवरच्या शेजाऱ्याकडे दिवे सुरू राहतात. घरातल्या उपकरणांना सहसा काही होत नाही. तीन फेजवर चालणारी मोटर तेवढी लगेच बंद करावी, नाहीतर ती दोन फेजवर घुमत राहते आणि तिचे गुंडाळे जळते. दुसरा प्रकार न्यूट्रल तुटण्याचा. तिथे वीज जात नाही. उलट दोन फेजवरची घरे एकामागे एक जोडल्यासारखी होऊन ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात, आणि ज्या बाजूला भार कमी असेल तिच्या वाट्याला जास्त व्होल्ट येतात. बल्ब एकाएकी पांढरेफटक पेटतात, पंखा वेग घेतो आणि काही क्षणांत टीव्ही, फ्रिज, राउटर जळून जातात. अशा वेळी वाचकाला उपयोगी पडेल असे एकच वाक्य आहे: दिवे नेहमीपेक्षा जास्त प्रखर झाले तर आधी मेन स्विच बंद करा, तक्रार नंतर करा. बातमीत ‘लाइनमध्ये बिघाड’ऐवजी ‘न्यूट्रल तुटल्याने’ असे छापले, तर हे वाक्य कोणत्या वस्तीला सांगायचे ते कळते.

उपकरणाच्या मागे जोडणीच्या जागी ‘एल’ आणि ‘एन’ ही अक्षरे असतात. ‘एल’ म्हणजे लाइन, जिला आपण फेज म्हणतो. बरेच जण ती गंजलेली किंवा जुनी अक्षरे न पाहता वायरच्या रंगावर जातात, आणि तिथे मोठा धोका आहे. आपल्याकडच्या तीन फेजच्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा आणि निळा हे तिन्ही फेजचे रंग; काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंगचा. उपकरणाच्या लवचीक वायरीत मात्र तपकिरी ही लाइन, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची असते. म्हणजे तोच निळा रंग एका ठिकाणी झटका देणारा आणि दुसऱ्या ठिकाणी न्यूट्रल. रंग पाहून जोडणी करू नये, टेस्टर लावून पाहावे.

नागपूरकरांच्या जिभेवरचा दुसरा ‘लाइन’ म्हणजे सिव्हिल लाइन्स. इथल्या ‘लाइन्स’चा रेषेशी किंवा रस्त्याशी संबंध नाही. छावणीत सैनिकांचे तंबू आणि बराकी ओळीने मांडत, त्या ओळींना लाइन्स म्हणत. आपल्या शेजारी कामठीची छावणी १८२१ सालची. लष्कराच्या लाइन्सपासून वेगळी अशी मुलकी अधिकाऱ्यांची बंगल्यांची वस्ती, ती सिव्हिल लाइन्स. ‘पोलीस लाइन टाकळी’तला ‘लाइन’ही याच अर्थाचा, कर्मचाऱ्यांच्या घरांची वस्ती. ही विशेषनामे आहेत. त्यांचे भाषांतर करू नये, आणि ‘लाइन्स’ आणि ‘लाइन’ यांतला फरक लोकांच्या बोलण्यात जसा रुळला आहे तसाच ठेवावा.

रेल्वेत लाइन म्हणजे मार्ग. रूळ हा त्याचा भाग. मुंबईहून येणारी लाइन नागपूरला १८६७ मध्ये पोहोचली. आज इथे दिल्ली–चेन्नई आणि हावडा–मुंबई हे दोन मोठे मार्ग एकमेकांना छेदतात, म्हणून ‘नागपूरची लाइन बंद’ हे वाक्य चारपैकी कोणत्या दिशेचे ते सांगत नाही. अप आणि डाउन या एकाच मार्गावरच्या दोन लाइनी; लूप लाइन म्हणजे स्थानकात मुख्य लाइनीला समांतर टाकलेली, जिच्यावर एक गाडी थांबवून दुसरी पुढे काढतात. ‘गाडी लूप लाइनवर घेतली’ याचा अर्थ ती दुसऱ्या मार्गाने वळवली असा नव्हे. ही चूक बातम्यांत वरचेवर दिसते.

मेट्रोने एक नवा गुंता आणला आहे. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी ही ऑरेंज लाइन, प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर ही अ‍ॅक्वा लाइन, आणि दोन्ही सीताबर्डीला भेटतात. मराठीत मेट्रोच्या लाइनला ‘मार्गिका’ म्हणतात. आणि रस्त्यावरच्या लेनलाही आपण मार्गिकाच म्हणतो. आता ‘वर्धा मार्गावरील मार्गिका दुरुस्तीसाठी बंद’ हे शीर्षक घ्या. वर्धा मार्गावरून ऑरेंज लाइन जाते आणि त्याच्या खाली वाहनांच्या लेनही आहेत. खापरीहून कामाला निघालेल्या माणसाने गाडी काढावी की मेट्रोला जावे? माझी सूचना अशी की मेट्रोसाठी ‘लाइन’ किंवा ‘मेट्रो मार्ग’ वापरावा आणि ‘मार्गिका’ हा शब्द रस्त्यावरच्या लेनसाठी राखून ठेवावा. नवा शब्द घडवण्यापेक्षा असलेल्या शब्दाला एकच काम देणे सोपे आहे.

यापेक्षा गंभीर विषय पूररेषेचा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाच्या खालच्या वस्त्यांत नाग नदीचे पाणी शिरले, तेव्हापासून ‘ब्लू लाइन’ आणि ‘रेड लाइन’ हे शब्द नागपुरात प्लॉट घेणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडत आहेत. पण त्यांचा अर्थ उलटा घेतला जातो. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथपर्यंत पोहोचते ती. नदीचे पात्र ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, तिथे बांधकाम नको. लाल पूररेषा म्हणजे सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळी आणि लाल यांच्यामधले ते नियंत्रित क्षेत्र, तिथे अटींवरच परवानगी. म्हणजे लाल रेषा नदीपासून जास्त लांब असते.

राजकारणाच्या इंग्रजीत मात्र ‘रेड लाइन’ म्हणजे जी ओलांडायची नाही अशी शेवटची मर्यादा. तो अर्थ डोक्यात ठेवून ‘आमचा प्लॉट रेड लाइनच्या आत आहे, बाहेर गेलेला नाही’ असे कोणी समाधानाने सांगतो, तेव्हा तो प्रत्यक्षात पुराच्या पट्ट्यात आहे असेच सांगत असतो. पूररेषेच्या बाबतीत सुरक्षित जागा लाल रेषेच्या बाहेर, नदीपासून लांबच्या बाजूला. ‘आत’ आणि ‘बाहेर’ हे शब्द बातमीत नुसते येऊ नयेत. ‘नदीच्या बाजूला’ आणि ‘नदीपासून लांबच्या बाजूला’ असे लिहावे.

‘१०० वर्षांतून एकदा’ या शब्दांनीही फसगत होते. एकदा पूर आला, आता १०० वर्षे निवांत, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता १०० त १ असते, आणि मागच्या वर्षी आला म्हणून ती कमी होत नाही. घरकर्ज ३० वर्षांचे धरले, तर त्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता साधारण २६ टक्के भरते. निळ्या रेषेच्या पुराची २५ वर्षांतली शक्यता ६४ टक्के. नकाशावर ही रेषा दिसते, पण मुळात ती पाण्याच्या पातळीची खूण आहे. म्हणून ती रस्त्यासारखी सरळ न जाता जमिनीच्या चढउताराप्रमाणे वळते, आणि एकाच ले-आउटमधला एक प्लॉट तिच्या या बाजूला, शेजारचा त्या बाजूला असू शकतो. ‘अमुक नगर पूररेषेत’ असे सरसकट छापले की लांबच्या माणसाला उगाच घोर लागतो, आणि नदीकाठचा माणूस ‘सगळ्यांचेच आहे’ म्हणून निर्धास्त होतो.

भाषांतरात ज्या चुका रोज होतात, त्यांतल्या काही इथे सांगतो. ‘इन लाइन विथ’चे ‘धोरणाच्या रेषेत’ होते. मराठीत ‘धोरणाला अनुसरून’ म्हणतात. ‘ऑन द लाइन्स ऑफ’ म्हणजे ‘च्या धर्तीवर’. ‘गाइडलाइन्स’ या मार्गदर्शक सूचना. ‘फर्स्ट लाइन’ औषध म्हणजे पहिल्या ओळीतले नव्हे, उपचार सुरू करताना आधी द्यायचे. ‘बेसलाइन’ अहवालात आली की ती ‘सुरुवातीची स्थिती’ असते. भूमापनात मात्र ती खरोखर जमिनीवर मोजलेली रेषा होती: विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश भूमापकाने १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने अशी पायारेषा मोजून त्रिकोणांनी देश मोजायला घेतला, आणि ते काम उत्तरेकडे नेत असताना १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. ‘सलाइन’चा तर या कुळाशी संबंधच नाही, तो मिठाच्या लॅटिन नावावरून, ‘साल’वरून आला आहे. नसेत घातलेल्या नळीला ‘आयव्ही लाइन’ म्हणतात, म्हणून दवाखान्याच्या बातमीत या दोन्हींची सरमिसळ होते: लाइन ही नळी, सलाइन हे तिच्यातून जाणारे मिठाचे पाणी.

‘डेडलाइन’बद्दल विशेष सांगायला हवे, कारण तो वृत्तपत्रांचा रोजचा शब्द. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक कठडा असे. कैद्याने तो ओलांडला की पहारेकरी गोळी घालत. ती डेडलाइन. पुढे छपाईच्या धंद्यातून हा शब्द वेळेच्या मर्यादेसाठी रूढ झाला. मराठीत ‘मुदत’ हा त्याला पुरेसा शब्द आहे. ‘मुदत ३१ मार्च’ असे लिहिले की वाचणाऱ्याला सगळे कळते.

मजकूर मांडणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. इंग्रजी अक्षरे खालच्या रेघेवर उभी राहतात. देवनागरी अक्षरे शिरोरेघेला लटकतात. मोडी लिहिणारे तर आधी पानभर आडवी रेघ ओढत आणि मग तिला अक्षरे टांगत. म्हणून मुलांना इंग्रजीसाठी चाररेघी वही लागते आणि मराठीला दुरेघी पुरते. संगणकाच्या मांडणीत ओळींमधले अंतर आपोआप अक्षराच्या १२० टक्के धरले जाते, ते रोमन लिपीच्या हिशोबाने. देवनागरीत त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो आणि रफार दिसेनासा होतो. जाहीर सूचनांच्या बारीक टाइपात हे अंतर थोडे वाढवले, तर म्हाताऱ्या वाचकांना त्या वाचता येतील.

लिंग आणि रूपांबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. रेघ, रांग, ओळ यांच्यासारखी लाइनही स्त्रीलिंगी झाली, तिचे अनेकवचन ‘लाइनी’ झाले, आणि ‘लाइनीत या’ असे आपण सहज म्हणतो. सामान्यरूप घेणारा शब्द परका राहत नाही. ‘लाइनमध्ये’पेक्षा ‘लाइनीत’ छापायला संकोच नको.

आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक जाहीर सूचनेत चार गोष्टी आहेत का ते पाहावे, नसतील तर पाठवणाऱ्याला विचारावे: कशाची लाइन, कुठून कुठपर्यंत, केव्हापासून केव्हापर्यंत, आणि लोकांनी काय करायचे. पहिल्या वाक्याचे मग असे होईल:

‘मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी उद्या, मंगळवारी, सकाळी १० ते दुपारी २ पाणीपुरवठा बंद राहील. वस्तीतील सर्व गल्ल्यांना हे लागू आहे. वीज सुरू राहील. आज रात्रीच पाणी भरून ठेवावे. पुरवठा सुरू झाल्यावर पहिली १५ मिनिटे गढूळ पाणी आले तर ते पिऊ नये.’

आपला,
एक वाचक
धरमपेठ, नागपूर